१९६५चे युद्ध आणि निर्णय घेणाऱ्यांची जडणघडण

प्रश्न:
लालबहादूर शास्त्रींविषयी वाचताना मी एका ठिकाणी सारखा अडतो. दीड वर्षाचे असताना वडील गेले, ते आजोळी वाढले, काशी विद्यापीठात शिकले, जात दाखवणारे आडनाव त्यांनी सोडले आणि १९५६ साली अरियालूरच्या रेल्वे अपघाताची जबाबदारी घेऊन मंत्रिपदही सोडले. अशा गांधीवादी माणसाच्या संमतीने ६ सप्टेंबर १९६५ रोजी आपल्या सैन्याने आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून लाहोरकडे चाल केली. नेत्याची जडणघडण युद्धाच्या निर्णयात खरोखर उतरते, की ती आपण मागाहून त्यात शोधतो?

उत्तर १:
माझ्या मते ती उतरते, पण निर्णयात नव्हे, तर नेत्याला काय अशक्य वाटते यात. नेहरूंची आयुष्याची नऊएक वर्षे इंग्रजांच्या तुरुंगात गेली होती. त्यामुळे साम्राज्यशाहीतून नुकताच सुटलेला आशियाई शेजारी आपल्यावर मोठे आक्रमण करील, हे त्यांच्या मनाला पटणे कठीण होते. चीनशी झालेल्या १९५४च्या पंचशील करारामागे तीच श्रद्धा होती. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने हल्ला केला आणि महिन्याच्या आत, १९ नोव्हेंबरला, अलिप्ततेचा पुरस्कार करणाऱ्या याच नेत्याने केनेडींना पत्र लिहून अमेरिकेच्या लढाऊ विमानांची मागणी केली. ते पत्र वाचताना आजही मन विषण्ण होते.

उत्तर २:
आपण शास्त्रीजींविषयी विचारले आहे, पण त्या युद्धातला मला सर्वांत बोलका वाटणारा प्रसंग तेव्हाचे संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांचा आहे. १ सप्टेंबरला पाकिस्तानी रणगाडे जम्मूतल्या छांबमध्ये घुसले. दुपारी चारच्या सुमारास लष्करप्रमुख जनरल चौधरी आणि हवाईदल प्रमुख अर्जन सिंग संरक्षणमंत्र्यांकडे आले आणि त्यांनी विमाने वापरण्याची परवानगी मागितली. १९६२ मध्ये लढाऊ विमाने वापरलीच गेली नव्हती, त्यामुळे हा शिरस्ता मोडणे सोपे नव्हते. तरीही यशवंतरावांनी काही मिनिटांतच होकार दिला. तासाभराने पठाणकोटहून व्हॅम्पायर विमाने उडाली. त्यांपैकी चार त्या संध्याकाळी पडली, हेही विसरता कामा नये. देवराष्ट्र्यासारख्या खेड्यातून आलेल्या आणि १९४२च्या चळवळीत भूमिगत राहिलेल्या या माणसाला वेळ निघून जाण्याची किंमत ठाऊक होती, असे मला वाटते. मात्र तेवढ्याने भागत नाही. नोव्हेंबर १९६२ मध्ये, ज्याला आपण ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ म्हणतो, त्या वेळी त्यांनी सूत्रे घेतली ती पराभूत झालेल्या सैन्याची. बालपणापेक्षा ही तीन वर्षे त्या होकारात अधिक होती.

उत्तर ३:
सीमेपलीकडचा माणूसही पाहायला हवा. पाकिस्तानचे अध्यक्ष अयुब खान सँडहर्स्टच्या ब्रिटिश लष्करी अकादमीत घडलेले सैनिक होते आणि योग्य जागी, योग्य वेळी एकदोन जबर तडाखे बसले की हिंदूंचे मनोधैर्य खचेल, अशा आशयाचा आदेश त्यांनी ऑगस्टअखेर दिला होता. त्यात शत्रूच्या सैन्यबळाचा हिशेब नसून एका समाजाविषयीचा पूर्वग्रह होता. ऑक्टोबर १९६४ मध्ये कराचीत ते शास्त्रीजींना भेटले होते; त्या ठेंगण्या, मृदुभाषी माणसाकडे पाहून हा पूर्वग्रह बळावला असेल, तर नवल नाही.

प्रश्नकर्ता:
आपणा सर्वांचे मनापासून आभार. तरीही पाकव्याप्त काश्मीरमधली हाजीपीरची खिंड माझ्या मनातून जात नाही. २८ ऑगस्टला जवानांनी जिंकलेली ती खिंड ताश्कंद करारात १० जानेवारी १९६६ रोजी परत देण्याचे ठरले. ही शास्त्रीजींच्या संस्कारांतली क्षमाशीलता म्हणावी काय?

उत्तर २:
मला तसे वाटत नाही. सुरक्षा परिषदेच्या २० सप्टेंबरच्या ठरावानुसार दोन्ही सैन्यांनी ५ ऑगस्टपूर्वीच्या जागी परतायचे होते. हाजीपीर त्या तारखेनंतर घेतलेले होते, आणि छांबमध्ये पाकिस्तानने बळकावलेला मुलूखही त्याच तारखेच्या आधारे परत मिळणार होता.