मायकोरायझा टाकूनही जामची झाडं वाढेनात, मदत हवी आहे

राऊवाला
इंदूरजवळ राऊच्या पुढे थोडी जमीन आहे. जामची (महाराष्ट्रवाल्यांसाठी पेरूची) ४० झाडं लावलीत. मायकोरायझाची (मुळांना मदत करणाऱ्या बुरशीची) पावडर दोनदा मुळाशी टाकली, फरक शून्य. काल एक झाड उकरलं, मुळांवर पांढरं काहीच नाही. पावडर नकली आहे का? दुकानदार म्हणतो तिसरा डोस द्या. रविवारी शेतावर जायचंय, लवकर सांगा.

चिमूताई
फरक नाही म्हणजे नक्की काय? झाडं केवढी, पानं कशी, माती कुठली? पाकिटावरची मुदत बघितलीत का?

राऊवाला
माती काळीच, इंदूरला दुसरी कुठली असणार! झाडं दीड वर्षाची. पानं बारीक आणि पिवळी. फोटो चढत नाहीये.

गोमय
पावडर फेका. २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. सात वर्षं झाली, मी दुकानाची पायरी चढलो नाही.

मुळाक्षर
गोमयभाऊ, मागच्या धाग्यावर सायकलची चेन गंजली होती, तिथेही तुम्ही जीवामृतच सांगितलं होतं.
राऊवाले, जामच्या मुळातली बुरशी डोळ्यांना दिसत नाही. ती मुळाच्या पेशींत राहते. पाचोळ्याखाली पांढरी जाळी दिसते ती बहुतेक कुजवणारी बुरशी, वेगळी जात. आम्ही एमएस्सीला मुळं कॉस्टिक पोटॅशमध्ये उकळून रंगवायचो. रंग नसला तर चक्क शाई आणि व्हिनेगर. मग सूक्ष्मदर्शकाखाली पेशीच्या आत बुरशीचं इवलंसं निळं झाड दिसायचं. ते जाऊ दे. खत काय घालता?

राऊवाला
खताचा काय संबंध? नेहमीचंच. डीएपी, दर महिन्याला झाडाला मूठभर. शेजारी त्याच्या लसणाला घालतो ना.

चिमूताई
दर महिन्याला?? माती तपासली आहे का कधी?

राऊवाला
कार्ड आहे. स्फुरद (फॉस्फरस) हेक्टरी ६४ किलो, पुढे ‘उच्च’ लिहिलंय. म्हणजे चांगलंच की.

मुळाक्षर
सापडलं. २५ च्या वर गेलं की ‘उच्च’, तुमचं ६४. त्यावर डीएपी, ज्यात ४६ टक्के स्फुरद.
स्फुरद मातीत जागचं हलत नाही. मुळाजवळचं संपलं की बाजूचं आपणहून सरकत येत नाही. बुरशीचे तंतू ते लांबून ओढून आणतात, आणि झाड त्यांना साखर नि चरबी देतं. सौदा स्वस्त नाही, झाडाच्या कमाईचा पाचवा हिस्सासुद्धा त्यात जाऊ शकतो. म्हणून स्फुरद कमी पडलं तरच मूळ स्ट्रायगोलॅक्टोन नावाचं रसायन जास्त सोडतं, बुरशी त्या खुणेवर फांद्या फोडत येते. तुम्ही ताट भरून वाढलंय, मूळ हाक कशाला मारेल? पावडर अस्सल असली तरी दार बंद.
नत्राचं (नायट्रोजनचं) मात्र निराळं. नत्राला उपाशी झाड स्फुरद भरपूर असूनही कधीकधी बुरशीला आत घेतं. म्हणजे नुसता एक आकडा नाही, दोघांचं प्रमाण बघायचं.
पानं बारीक का, तर तीच बुरशी जस्तही आणते. ती गेली, वर स्फुरद अति, मग जस्त कमी पडतं.

लोखंडेकाका
काळ्या चुनखडी मातीत पिवळं पान म्हणजे लोह. ४० वर्षं बघतोय.

मुळाक्षर
काका, लोह कमी असेल तर पान पिवळं होतं, पण आकार बऱ्यापैकी राहतो. बारीक, अरुंद, शेंड्याला गर्दी असेल तर जस्त. लिटरला ५ ग्रॅम झिंक सल्फेट, त्याच्या निम्मा विझवलेला चुना, दोनतीन झाडांवर फवारून बघा.

लोखंडेकाका
बघा म्हणजे झालं. मी लोहच म्हणेन.

जुनंइंदूर
इथल्या कृषी महाविद्यालयाच्या आवारातच इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ होते. कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ तिथलीच. पुढे त्यांनी मायकोरायझा अगदी डोक्यावर घेतला होता. आपल्याला मात्र ते सराफा बाजारातल्या तळलेल्या गराडूइतकेही ठाऊक नाहीत.

गोमय
बघा, कंपोस्ट! मी काय म्हणत होतो?

मुळाक्षर
शेणखतातही स्फुरद असतं. ट्रॉल्याच्या ट्रॉल्या ओतल्या तर तीच गत.

गच्चीबाग
ढिंगरी मशरूम याच पावडरीतून येतं का? माझ्याकडे जुनी बादली आहे.

चिमूताई
नाही हो. राऊवाले, झाडांच्या मधे काय लावलंय?

राऊवाला
हिवाळ्यात फुलकोबी आणि मुळा होता. आता मोकळंच.

चिमूताई
कोबी, मुळा, मोहरी हे घराणं या बुरशीला आसराच देत नाही. आणि ती जिवंत मुळाशिवाय वाढत नाही. मधे चवळी किंवा मका लावा, डीएपी बंद.

राऊवाला
बरं. डीएपी बंद, शेजाऱ्यालाही सांगतो, ऐकणार नाही म्हणा. तिसऱ्या डोसाचे पैसे आधीच देऊन बसलोय.
पाकीट आत्ता शोधलं. मुदत गेल्या दिवाळीतच संपली होती.