मदत हवी आहे: गिटारवर ‘रूल ऑफ द ऑक्टेव्ह’, बास वर गेल्यावर काय गाळायचं?

क्लासिकल गिटारवर अठराव्या शतकातल्या पद्धतीने उत्स्फूर्त वादन शिकतेय. ‘रूल ऑफ द ऑक्टेव्ह’ म्हणजे बास (सर्वांत खालचा आवाज) सप्तकात चढता-उतरताना त्याच्या प्रत्येक स्वरावर कोणता कॉर्ड घ्यायचा, याचा ठरलेला नमुना. इटालियन संगीतशिक्षक फेनारोलीचे १७७५ चे नियम समोर आहेत, पण ते कीबोर्डसाठीचे. सी मेजरमध्ये बास पाचव्या तारेवरून चढत तिसऱ्या तारेवरच्या ‘जी’ला पोचला की वर दोनच तारा उरतात. सातव्या स्वरावरचा सिक्स-फाइव्ह हा चार स्वरांचा कॉर्ड (बी-डी-एफ-जी) मग पूर्ण बसतच नाही. ‘जी’पासून पुढे बास खालच्या सप्तकात, सहाव्या तारेवर नेऊन पाहिला. कॉर्ड भरतो, पण बासची चढती ओळ तुटते, आणि खरी गोडी तर तिच्यातच आहे!

फिगर्ड बास (बासच्या स्वरांसोबत कॉर्ड सांगणारे आकडे) वाचता येतो. सहा तारा, ट्यूनिंग नेहमीचंच ठेवायचंय. तीनच आवाज (एका वेळी तीन स्वर) ठेवले तर ‘बी’वर ‘डी’ गाळावा की ‘जी’? आणि उत्स्फूर्त वाजवताना हाताला आधी कोणती सवय लावावी: आवाज कमी करण्याची, की बास खाली नेण्याची?