घरचा ग्रुप: स्नेहलची बाभूळ

स्नेहल (पुणे): 📷 नाना, दिवाळीत तुम्ही दिलेल्या रोपाचा फोटो. बोन्साय करायचं ठरवलंय. पण संध्याकाळपासून सगळी पानं मिटलीत. मेलं का?

नाना: मेलं नाही बाई. बाभळीचे पानं रातच्याले मिटतेच. सकाळी पाय.

मोठी आई: काट्याचं झाड घरात काहून ठेवलं व?

नाना: घरात नोकोच, पण काट्यापायी नाही, उन्हापायी. फोटोत कुंडी हॉलच्या खिडकीत दिसून राहिली. बाभळीले दिवसभर ऊन लागते. गॅलरीत काढ.

नितीनदादा (नागपूर): स्नेहल, नेटवर बाभळीचं जुनं शास्त्रीय नाव अकेशिया टाकशील तर ऑस्ट्रेलियाची झाडं येतील. 2005 च्या व्हिएन्नाच्या वनस्पती परिषदेत ते नाव तिकडच्या झाडांना गेलं. आपली बाभूळ आता व्हॅचेलिया निलोटिका.

मोठी आई: शेळ्यायले सांगजो बाप्पा.

सागर (गाव): 😂😂

नाना: आता आयक स्नेहल. बोलून टाइप करून राहिलो, चुका सांभाळून घेजो. झाड बुटकं अन् जोरदार ऱ्हायते का नाही, हे वरच्या छाटणीपेक्षा खालून ठरते. बाभळीचं सोटमूळ वावरात सरळ खाली पाण्याकडं पळते. कुंडीत जागा नसली का तळाशी गुंडाळते अन् बाजूचे मुळं फुटत नाहीत. म्हणून पाऊस लागला का रोप काढ, सोटमूळ कैचीनं अर्ध्यावर काप, बाजूचे बारीक मुळं राहू दे. आठ-दहा दिवस सावलीत, मंग उन्हात. मुळावर बारीक गाठी दिसल्या तर कीड समजून खरडू नोको. नखानं अलगद सुटली तर ती नत्राची गाठ, हरभऱ्याच्या मुळावर ऱ्हायते तशी. मूळच फुगून गाठ झाली असन तर सूत्रकृमी, म्हंजे मुळात शिरणारे सुतासारखे बारीक किडे. झाड स्वतःचं नत्र करते म्हणून युरिया टाकायचा नाही, नाहीतर फांद्या हातभर लांब सुटतीन. चिमूटभर निंबोळी ढेप पुरे.

स्नेहल: माती गावचीच आणली होती, काळी.

नाना: ते बदल. दोन भाग चाळलेला मुरूम, एक भाग रेती, एक भाग जुनं शेणखत.

नितीनदादा: पण नाना, आपल्या काळ्या मातीत तर एवढाल्या बाभळी उभ्या आहेत.

नाना: वावरात मूळ लय खोल जाते. कुंडी चार बोटं. त्यात काळी माती पावसात चिखल होते, उन्हाळ्यात भेगा पडते, अन् भेगेत बारीक मूळ तुटते. मे महिन्यात आपल्याकडं पारा 45 च्या वर जाते तवा उथळ कुंडीले सकाळ-संध्याकाळ पाणी लागते. अन् कुंडी सिमेंटवर डायरेक्ट ठेवू नोको, खाली दोन विटा लाव. खालून भाजली का मूळ गेलंच.

सागर: फांद्या वळवायला तार पाहिजे ना? गोठ्यात मोटरच्या वायंडिंगची जुनी तांब्याची तार पडून आहे.

नाना: चालते. बारीक असन तर दुहेरी करून दे तिले. पण हिरव्या फांदीलेच गुंडाळायची. जून फांदी वाकत नाही, कटकन मोडते. वखराले, बंडीले बाभळीचं लाकूड उगाच वापरत नाहीत. पावसात फांदी भरते, म्हणून दर आठवड्याले तार पायजो. रुतायच्या आधी कापून काढजो, उलगडू नोको.

स्नेहल: छाटणी?

नाना: फांदी बोडखी करू नोको. थोडे तरी पानं ठेव, नाहीतर फांदी वाळत मागं जाते. मोठ्या जखमेले आपली संत्र्याची बोर्डो पेस्ट लाव. 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. तुले वाटीभर सागर पाठवन.

सागर: कापल्यावर डिंक आला तर? संत्र्याला आला की आपण डिंक्या म्हणून घाबरतो.

नाना: बाभळीच्या जखमेतून डिंक येतेच. मोठी आई लाडूत घालते ना.

नितीनदादा: खैराचं बोन्साय कसं होईल? पानं त्याचीही बारीक असतात.

नाना: बी पासून कर. रानातला खैर खोदू नोको, 1964 च्या झाडतोडीच्या कायद्याच्या यादीत हाये तो.

स्नेहल: बाभळीचं बी पण पाठवा ना. मागे टाकलेलं एकही उगवलं नाही.

नाना: कवच टणक ऱ्हायते. पाणी उकळून गॅस बंद कर, मंग त्यात बी टाकून रातभर ठेव. फुगलेलं तेवढं पेर. नाहीतर शेळी बसते तिथलं बी वेच, तिच्या पोटातून आलेलं चटकन उगवते.

मोठी आई: पुण्यात शेळी कुठून आणन ते?

सागर: शेळीवरून आठवलं. नाल्याकडच्या धुऱ्यावर एक बाभूळ आहे. शेळ्यांनी वर्षानुवर्षं शेंडे खाऊन गुडघ्याएवढीच ठेवली, पण खोड मनगटापेक्षा जाड. सालीला भेगा पण पडल्यात. काढू का?

स्नेहल: हो हो हो!!

नाना: थांब. अशी तयार बाभूळ नर्सरीत भेटत नाही, पण एका दिवशी उपटशीन तर मरन. या पावसाळ्यात एका बाजूनं अर्धगोल चर खोद, तेवढेच मुळं काप, चरात रेती-शेणखत भर. पुढच्या पावसाळ्यात दुसरी बाजू. खोडाजवळ बारीक मुळं आले का मंग सोटमूळ तोडून काढायची.

स्नेहल: दोन वर्षं??

नाना: तवरक तुह्या रोपावर हात बसू दे.

नितीनदादा: पण तो धुरा आपला की शेजाऱ्याचा?

सागर: अर्धा-अर्धा 😬

नाना: मंग आधी त्याले इचारतो. एका बाभळीपायी मोजणी नोको.

मोठी आई: त्याच्या पोराचं लग्न हाये सोमवारी. जाऊन येजा दोघं, तिथंच इचारा.