मदत हवी आहे: सुधारित ड्रॉइंग पाठवूनही साइटवर जुनंच वापरलं जातंय

गाळा_नं_३: नमस्कार. आमच्या स्ट्रक्चरल ऑफिसातून ड्रॉइंग सुधारून गेलं तरी साइटवर जुन्यावरूनच काम होतं. काल सहज साइटवर गेलो म्हणून कळलं. बीमला आधारावर एक्स्ट्रा टॉप, म्हणजे वरच्या बाजूच्या जादा सळया, २० मिमीच्या ३ हव्या होत्या, बांधल्या होत्या १६ च्या २. सगळं सोडून पुन्हा बांधायला लावलं. आता ठेकेदार त्याची मजुरी आमच्याकडे मागतोय. कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं? परवा स्लॅब आहे, लवकर सांगा.

ओळंबा: पाठवता कसं? मेल, ड्राइव्ह? डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची मूळ फाइल) की पीडीएफ? ऑफिसात माणसं किती?

गाळा_नं_३: व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पीडीएफ, सगळेच तसं पाठवतात. आम्ही ६ जण. सॉफ्टवेअरचं सांगा ना.

ओळंबा: फाइलचं नाव काय होतं?

गाळा_नं_३: ‘दुसरा स्लॅब फायनल’. सुधारलेलीचं ‘दुसरा स्लॅब फायनल नवीन’.

ओळंबा: मग साइट इंजिनिअरला कसं कळावं? प्रत्येक शीटला एकच कायमचा नंबर द्या, पुढे रिव्हिजन, म्हणजे कितवी सुधारणा ते: आर०, आर१, आर२. बदललेल्या जागी क्लाउड (ढगासारखी रेघ) आणि त्रिकोणात रिव्हिजन नंबर.

मिलिमीटर: नावात रिव्हिजन घालू नका! आमच्याकडे आर्किटेक्टने फाइलचं नाव बदललं की आमचे सगळे एक्सरेफ (ड्रॉइंगला जोडलेल्या दुसऱ्या फाइली) तुटायचे. अर्धा दिवस पाथ जोडण्यात जायचा.

ओळंबा: ते चालू कामाच्या डीडब्ल्यूजीबद्दल बरोबर आहे, तिचं नाव बदलू नये. मी बाहेर जाणाऱ्या पीडीएफबद्दल बोलतोय. तिच्या नावात रिव्हिजन हवीच.

क्लाउडवाले: आयएसओ १९६५० वाचा, बांधकामाची माहिती सांभाळण्याचं आंतरराष्ट्रीय मानक. पहिले २ भाग २०१८ साली आले. चालू काम, शेअर्ड, पब्लिश्ड, आर्काइव्ह अशा पायऱ्या असतात. सगळ्यांसाठी एकच सामाईक जागा केली की जुनी फाइल कोणाला दिसतच नाही.

निवृत्त_ड्राफ्ट्समन: साइटच्या भिंतीवर चिकटवलेल्या ए१ कागदाला तुमच्या सर्व्हरवर काय झालं ते कसं कळणार? आम्ही अमोनिया प्रिंट (ट्रेसिंगवरून काढलेली प्रत) देताना रजिस्टरवर सही घ्यायचो, जुनी प्रिंट परत घेऊन ‘रद्द’चा शिक्का मारायचो. जुनी आल्याशिवाय नवी द्यायची नाही.

क्लाउडवाले: काका, आता ४ एजन्सी ४ गावांत असतात. कागद कोण परत आणणार?

निवृत्त_ड्राफ्ट्समन: ज्याने नवा नेला त्याने.

मिलिमीटर: अमोनिया! त्या खोलीत गेलं की डोळ्यांतून पाणी यायचं. आणि ट्रेसिंगवरची शाई ब्लेडने खरवडताना कागद फाटला की सगळं शीट पुन्हा.

साधा_माणूस: डीडब्ल्यूजी उघडल्यावर अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हं येत असतील तर एसएचएक्स फॉन्ट सोबत गेलेला नसतो. ऑटोकॅडमधलं ईट्रान्समिट करा, फॉन्ट, एक्सरेफ, सीटीबी (प्रिंटच्या रेघांची सेटिंग) सगळं एकत्र जातं.

गाळा_नं_३: फॉन्टचं विचारलेलं नाही हो.

ओळंबा: सॉफ्टवेअर नंतर घ्या. परवासाठी एवढंच करा. एका पानावर ड्रॉइंग नंबर, चालू रिव्हिजन आणि तारीख अशी यादी काढा. ती ट्रान्समिटलसोबत (काय पाठवलं त्याचं पत्र) मेल करा आणि पोचीचं उत्तर मागा. ग्रुपवर फक्त ‘मेल पाहा’ लिहा, फाइल टाकू नका. आणि जुने कागद स्वतः जाऊन काढा. मजुरीचं विचाराल तर, सुधारित ड्रॉइंग मिळाल्याची ठेकेदाराची पोच आहे का?

गाळा_नं_३: पोच नाही, निळ्या टिकल्या आहेत फक्त. सकाळी जाऊन भिंतीवरचे ४ कागद काढून आणले. फिटरच्या खिशातून आणखी एक झेरॉक्स निघाली, घडीवर फाटलेली, समासात पेनाने कटिंग लेंथ लिहिलेल्या. म्हणजे बीबीएससुद्धा (सळई कापण्या-वाकवण्याचा तक्ता) जुन्यावरूनच काढलाय आणि सळई कापून झालीये. आता तो सुधारून कोणी द्यायचा, आम्ही की ठेकेदाराने?

ओळंबा: करारात बीबीएस कोणाकडे आहे, ते आधी सांगा.