मदत हवी आहे: गिटारला डिले पेडल जोडला की बारीक शिट्टी येते

नमस्कार मंडळी. जोडणी अशी आहे: सिंगल कॉइल पिकअपची (तारांचं कंपन टिपणाऱ्या एकेरी वेटोळ्याची) गिटार, ट्यूनर, ओव्हरड्राइव्ह (आवाज फाटका करणारा पेडल), डिजिटल डिले (प्रतिध्वनी देणारा पेडल) आणि शेवटी १० वॅटचा अँप. तिन्ही पेडलना ९ व्होल्ट डीसी लागतात, मधली पिन निगेटिव्ह. १ अँपिअरच्या एकाच अडॅप्टरवरून साखळी वायरने तिघांना वीज दिली आहे. करंट कमी पडत नसावा, कारण तिघांची मिळून गरज दीडशे मिलिअँपिअरच्या आतच आहे.

तरी ओव्हरड्राइव्ह दाबला की उंच पट्टीतली शिट्टी ऐकू येते. डिले ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवला की ती गायब. म्हणजे डिलेच्या डिजिटल सर्किटचा आवाज सामाईक वायरमधून ओव्हरड्राइव्हमध्ये शिरतो आणि तिथे गेनमुळे मोठा होतो, असा अंदाज आहे. (गिटार फिरवली की कमी-जास्त होणारी गुणगुण वेगळी, ती पिकअपची, तिचं सध्या राहू द्या.)

फक्त डिलेला स्वतंत्र अडॅप्टर दिला तर भागेल? की पेडल एकमेकांना जोडणाऱ्या पॅच केबलमधून ग्राउंड जुळलेलंच राहत असल्याने आयसोलेटेड पॉवर सप्लायच (प्रत्येक पेडलला वेगळी, एकमेकांशी न जोडलेली वीज देणारा) घ्यावा लागेल? नॉइज गेट कृपया सुचवू नका, तो वाजवणं थांबल्यावरच आवाज दाबतो.

आणखी एक: अँपला इफेक्ट्स लूप (अँपच्या गेननंतर पेडल जोडायची सोय) नाही. अँपचा गेन वाढवला की डिलेचे प्रतिध्वनीही फाटून गिचमिड होते. अँप क्लीन ठेवून सगळं डिस्टॉर्शन पेडलमधूनच घ्यायचं, याशिवाय काही मार्ग आहे का?