कियांतीत सात दिवस सायकल: स्वतःची न्यावी की भाड्याने घ्यावी?

द्राक्षकन्या
नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात इटलीत, टस्कनीतल्या कियांती भागात सात दिवस सायकल चालवायला जायचं ठरवलं आहे. एकटीच जाणार. वय ४७, मुक्काम पुणे, आठवड्यातून दोनदा बोपदेव घाट. माहेर पिंपळगाव बसवंतचं, बालपण द्राक्षबागेत गेलं, म्हणून कियांतीतली द्राक्षतोडणी बघायची फार इच्छा आहे.

विमान आणि व्हिसा सोडून १ लाख रुपये आहेत. त्याच्या वर एक रुपयाही जाणार नाही. माझी स्टीलची टूरिंग सायकल आहे, गिअरचे दाते पुढे ५०-३४, मागे ११-३२, टायर ३२ मिमी. ती न्यावी की तिकडे भाड्याने घ्यावी? मुक्काम कुठे करावा? मी शाकाहारी आहे. ई-बाईक नको आहे.

घाटवेडा
स्वतःचीच न्या, दुसरा विचारच नको. मी २०२३ च्या मे महिन्यात माझी कार्बनची सायकल नेली होती. कडक कवचाची पेटी ४५ हजारांना घेतली, ओरखडासुद्धा पडला नाही. रोज १०० किमी, एक दिवस १४०. सगळं मिळून साडेतीन लाख झाले, पण पै न पै वसूल. सप्टेंबर कशाला? मे मध्ये जा, सगळं हिरवंगार असतं आणि दिवस मोठा मिळतो.

म्युनिककर
मी उलट सांगेन. म्युनिकहून विमानाने सायकल नेली, कियांतीच्या दक्षिणेच्या सिएना शहरात पेटी उघडली तर मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारी धातूची पट्टी, वाकलेला. विमान कंपनीने हात वर केले. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, तिथल्या दुकानात माझ्या मापाचा नव्हता. दोन दिवस पायी फिरलो, नंतर दिवसाला ४५ युरो देऊन भाड्याचीच घेतली. न्यायचीच असेल तर डिरेलर सोडवून फोममध्ये गुंडाळा, चाकांच्या जागी फोर्कमध्ये आणि मागे ठोकळे घाला आणि एक जादा हँगर सोबत ठेवा. भाड्याची घेतलीत तर निघण्याआधी ब्रेक दाबून बघा, पुढचा ब्रेक डाव्या हाताला असू शकतो. उतारावर कळलं तर फार महागात पडतं.

सह्याद्रीपुत्र
ताई, ई-बाईक घ्या. माझ्या मेव्हण्याने घेतली होती, ५२ वर्षांचा आहे, एकही चढ जाणवला नाही. युरोपात मोटर ताशी २५ किमी वेगापर्यंतच साथ देते, त्यामुळे सुरक्षितही आहे.

द्राक्षकन्या
@सह्याद्रीपुत्र, ई-बाईक नको असं वरच लिहिलं आहे. @घाटवेडा, बजेट १ लाख आहे आणि तोडणी मे मध्ये नसते. :)

उंडगा
चढांबद्दल कोणीच नीट सांगितलेलं नाही, म्हणून लिहितो. बोपदेव किंवा सिंहगड चढणाऱ्याला कियांतीतला एकेक चढ सोपा वाटेल. तिथल्या गावांची उंची बघा: गायोले साधारण ३६० मीटरवर, राद्दा ५३० वर, कास्तेलिना ५८० च्या आसपास. आकडे किरकोळ दिसतात, पण मध्ये सपाटी नाही. उतरला की लगेच पुढचा चढ, तो संपला की परत उतार. आपल्याकडे घाट संपला की पठार लागतं आणि पाय मोकळे होतात, तसं तिथे होत नाही. मी पहिल्या दिवशी ७० किमी ठरवले होते, ४८ वर पाय सोडून दिले. रोजचे ४० ते ५० धरा. ३४-३२ गिअर चालेल, सामान लादणार असाल तर मागे ३४ बसवून घ्या.

दुसरं म्हणजे पांढरे रस्ते, तिकडे त्यांना 'स्त्रादे बियांके' म्हणतात. खडीचे, चुनखडीच्या धुळीचे. २००७ पासून व्यावसायिकांची याच नावाची शर्यत होते, ती सिएनाच्या मुख्य चौकात संपते आणि संपायच्या जरा आधी सांता कातेरिना गल्लीचा १६ टक्क्यांचा चढ आहे. तुमचे ३२ मिमी टायर या रस्त्यांना उत्तम. हवा नेहमीपेक्षा कमी ठेवा. पाऊस पडला तर मात्र तिकडे फिरकू नका, चिखल मडगार्डमध्ये गच्च बसतो.

घाटवेडा
मी २५ मिमी टायरवर केलं सगळं. काही होत नाही.

म्युनिककर
@घाटवेडा, एकदा पंक्चर झालं असं तुम्हीच दुसऱ्या धाग्यावर लिहिलं होतं.

घाटवेडा
दोनदा. पण ते खिळ्याने झालं, टायरच्या रुंदीचा संबंध नाही.

ओझरवाला
मला कळत नाही, द्राक्षबागा बघायला इटली कशाला? गंगापूर धरणाकडचे रस्ते घ्या, दिंडोरी घ्या. चढही आहेत, बागाही आहेत आणि १ लाखात वर्षभर जाल.

द्राक्षकन्या
@ओझरवाला, तिथेच वाढले हो. आपल्याकडे ऑक्टोबर छाटणी आणि जानेवारीपासून तोडणी. तिकडे आपल्या छाटणीच्या हंगामात तोडणी असते, आणि बाग मांडवावर नसून तारांवर, बुटक्या ओळींत. वडिलांनी आयुष्यभर मांडव बांधले. त्यांना फोटो दाखवायचे आहेत.

ताम्रपर्ण
वाईनबद्दल थोडं. सगळी कियांती सारखी नसते. बाटलीच्या गळ्यावर काळा कोंबडा असेल तर ती कियांती क्लासिको, म्हणजे सिएना आणि फ्लॉरेन्सच्या मधल्या मूळ टापूतली. टस्कनीचा ड्यूक तिसरा कोसिमो याने १७१६ साली या टापूच्या सीमा आखून दिल्या. गायोलेजवळच्या ब्रोलियो किल्ल्यात बेत्तिनो रिकासोली राहायचे, त्यांनी १८७२ साली सांजोव्हेजे द्राक्ष मुख्य ठेवून कियांतीचं मिश्रण लिहून दिलं.

कोंबड्याची दंतकथा सायकलवाल्यांना आवडेल. हद्द ठरवायला दोन्ही शहरांतून कोंबडा आरवला की एकेक घोडेस्वार निघायचा होता. सिएनाने पांढरा कोंबडा खाऊपिऊ घालून ठेवला. फ्लॉरेन्सने काळ्याला उपाशी ठेवलं, तो पहाट व्हायच्या आतच आरवला आणि त्यांचा स्वार फोंतेरुतोलीपर्यंत पोचला. हे गाव कास्तेलिनाच्या अलीकडे, सिएनाहून येणाऱ्या रस्त्यावरच लागतं. तिथे थांबा.

आणि चव घेतल्यावर लगेच सायकलवर बसू नका. रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅम दारूची मर्यादा तिथे सायकलस्वारालाही लागू आहे.

शाकाहारी_प्रवासी
जेवणाचे हाल होतील असं समजू नका. रिबोल्लिता (पाव, घेवडा आणि काळ्या कोबीचं दाट सूप), पाप्पा अल पोमोदोरो (पाव-टोमॅटोचं दाट सूप), लसूण-टोमॅटोची पिची (हाताने वळलेला जाड पास्ता). रिबोल्लितात मांसाचं पाणी आहे का ते दरवेळी विचारा. खरी अडचण वेळेची. दुपारी अडीचच्या सुमारास स्वयंपाकघर बंद होतं ते संध्याकाळी सातपर्यंत. मी तीन वाजता एका गावात पोचले, सगळं बंद, पिशवीतल्या दोन राजगिरा वड्यांवर २० किमी काढले. एक वाजताच जेवायला बसा. पाण्यासाठी गावात नळ असतात. 'नॉन पोताबिले' लिहिलं असेल तर ते पिण्याचं नाही.

सह्याद्रीपुत्र
जेवणाची वेळ हा महत्त्वाचा मुद्दा आहे. दुपारनंतर सगळं बंद असतं. ई-बाईक असेल तर वेळेत पोचता येतं.

उंडगा
मुक्काम सिएनालाच करा. फ्लॉरेन्सहून प्रादेशिक गाडीत सायकलचं साडेतीन युरोचं दिवसभराचं तिकीट काढून जाता येतं. वेगवान गाड्यांत सुटी करून पिशवीत घालावी लागते. सिएना स्टेशन खाली आहे आणि शहर टेकडीवर, तेव्हा शेवटचा चढ धरून चाला.

म्युनिककर
+१, सिएना. राद्दा-गायोलेला रेल्वे नाही.

ताम्रपर्ण
सिएनाच. संध्याकाळी चौकात बसायला मिळतं.

उंडगा
आणखी एक. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी गायोलेत लेरोइका ही जुन्या सायकलींची राईड असते. १९९७ पासून चालू आहे. १९८७ च्या आधीच्या सायकली, गिअरचे खटके खालच्या नळीवर, ब्रेकच्या तारा बाहेरून. अंधारात निघतात आणि ब्रोलियोच्या चढाला सुरूच्या झाडांखाली दिवे लावलेले असतात. मी २०१९ साली तो चढ रडत चढलो, इतकं सुंदर होतं. त्या आठवड्यात गायोलेत खोली मिळणं कठीण, आत्ताच बघा. तिच्या २०९ किमीच्या मार्गावर कायमच्या पाट्या आहेत, वर्षभर कधीही चालवता येतो. त्यातला तुम्हाला झेपेल तेवढा तुकडा घ्या.

द्राक्षकन्या
सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस हिशेब करत होते. सहा दिवसांचं भाडं २७० युरो, म्हणजे माझ्या बजेटचा चौथा हिस्सा गेलाच असता. माझ्या विमानाच्या तिकिटात २३ किलोची पेटी आहे आणि सायकल पुठ्ठ्याच्या खोक्यासकट २१ किलो भरते. म्हणून माझीच स्टीलची नेते. खोका दुकानातून फुकट मिळाला.

मुक्काम मात्र सिएनाला नाही. सगळ्यांनी तेच सुचवलं, तरी मी राद्दाजवळच्या एका शेतावर पाच रात्री घेतल्या आहेत. मालकीणबाईंनी कळवलं आहे की त्या आठवड्यात त्यांची तोडणी असेल आणि सकाळी मला ओळींत उभं राहता येईल. राईड दुपारी जेवण झाल्यावर, ३०-३५ किमीच. व्होल्पाया, वेर्तिने, ब्रोलियो एवढं झालं तरी मला पुष्कळ आहे. पहिली आणि शेवटची रात्र सिएनाला, तिथल्या लॉजवाल्यांनी खोका ठेवून घ्यायचं कबूल केलं आहे.

हँगरचं काम राहिलं आहे. माझ्या फ्रेमवर कंपनीचा छाप पुसला गेला आहे, दोन भोकांचा आहे. उद्या फोटो टाकते. पुण्यात तसा कोणाकडे मिळेल का?