बॅनरवर ‘संदेष्टा’ लिहिले म्हणजे संदेष्टा का? खरा-खोटा सेवक पारखायचा कसा?

मंगळवारची_प्रार्थना (विजापूर रोड)

सर्वांना सलाम. सोलापुरात उपास-प्रार्थना, आरोग्यदान सभा, जागरण प्रार्थना यांचे बॅनर जिकडेतिकडे दिसतात. सेवक, म्हणजे ख्रिस्ती प्रचारक, कधी मराठी, कधी तेलुगू, कधी कन्नड बोलणारे, आणि नावापुढे ‘प्रेषित’, ‘संदेष्टा’, ‘अभिषिक्त’. सभा झाली की तेच सेवक घरप्रार्थनेच्या गटात यायला बघतात. ‘त्यांच्या फळांवरून तुम्ही त्यांना ओळखाल’ हे सगळ्यांना पाठ आहे, पण फळ म्हणजे नेमके काय बघायचे? भविष्यवाणी खरी ठरणे? आजारी बरा होणे? गर्दी वाढणे? शंका काढली की ‘माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका’ हे वचन तोंडावर येते, त्याला काय उत्तर द्यायचे? गटात विडी वळून घर चालवणाऱ्या बायका जास्त आहेत. त्यांना सांगता येईल असे, करता येईल असे काही लिहा, ही विनंती.

बिरुयाकर

ताई, मत्तय ७ मधले फळांचे वचन २० वर संपते. तिथे थांबू नका, २२ आणि २३ वाचा. ‘तुझ्या नावाने आम्ही संदेश दिला, भुते काढली, महत्कृत्ये केली’ असे म्हणणारे पुष्कळ येतील आणि प्रभू त्यांना म्हणेल, मला तुमची कधीच ओळख नव्हती. म्हणजे महत्कृत्ये फळात धरलेलीच नाहीत. गर्दी तर नाहीच नाही.

भविष्यवाणीबद्दल लोक निम्मेच वाचतात. अनुवाद १८:२२ सांगते की बोललेले घडले नाही तर तो संदेश परमेश्वराचा नव्हे. पण अनुवाद १३:१-३ त्याच्या पुढे जाते: चिन्ह दिले, ते खरेही ठरले, आणि मग तो तुम्हाला दुसऱ्या दैवताकडे वळवू लागला, तर त्याचे ऐकू नका. तेव्हा खोटी ठरली तर निकाल लागला, खरी ठरली तर अजून काहीच ठरले नाही.

मग बघायचे काय? पहिले, तो ख्रिस्ताविषयी काय शिकवतो. १ योहान ४:१-३ मधली कसोटी हीच आहे. आज देहाने आलेला ख्रिस्त सरळ नाकारणारे थोडे. ख्रिस्ताला पुरेसा न मानणारे पुष्कळ. क्रूस झाला, पण शिवाय माझे तेल हवे, माझा रुमाल हवा, माझ्याच मंडळीत नाव हवे, असे ऐकलेत की गलतीकरांस १:८ उघडा, वेगळी सुवार्ता सांगणारा शापित असो, असे तिथे आहे.

संदेश तपासायची पद्धत बिरुया गावच्या लोकांची, प्रेषितांची कृत्ये १७:११. ते पौलाचेही बोलणे रोज शास्त्रात पडताळून बघत आणि त्याबद्दल त्यांची स्तुती झाली आहे. गटासाठी शंभर पानी वही पुरे. डाव्या पानावर सेवकाने सांगितलेले वचन आणि त्याने काढलेला अर्थ, उजव्या पानावर घरी वाचल्यावर काय दिसले ते. अध्याय पूर्ण वाचायचा. कोण बोलतो, कोणाला, आणि आधीच्या ओळीत काय चालले आहे, एवढेच शोधायचे. एक उदाहरण घ्या. ‘द्या म्हणजे तुम्हाला दिले जाईल, चांगले माप दाबून, हालवून, शीग भरून’, लूक ६:३८. थैली फिरवताना हे हमखास येते. आता ३७ वाचा: दोष काढू नका, क्षमा करा. ३६ वाचा: दयाळू व्हा. बोलणे चालले आहे ते माणसाने माणसाला माप कसे लावावे याचे. हजार दिले तर दहा हजार मिळतील, हे त्यात कुठेच नाही. तीन-चार आठवडे अशी वही भरली की त्या सेवकाची सवय कळते. एखादे वचन चुकणे कोणाचेही होते. प्रत्येक वचन एकाच बाजूला, म्हणजे पैशाकडे किंवा स्वतःकडे, वळत असेल तर तो निव्वळ चुकत नाही.

दुभाषा असला तर आणखी काळजी घ्या. तेलुगूतला बेधडक दावा मराठीत येताना मऊ होतो, कधी उलटही. आपल्याकडे तेलुगू घरे भरपूर आहेत. त्यातल्या एकीला मूळ बोलणे ऐकून वहीत लिहायला सांगा.

थैली_मोजणारा

मी फक्त पैशाचे लिहितो.

पौलाने यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा रक्कम एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर घेतली. कारण २ करिंथकरांस ८:२०-२१ मध्ये स्पष्ट आहे: या देणगीबाबत कोणी आम्हाला दोष लावू नये, आणि गोष्ट प्रभूपुढेच नव्हे, माणसांपुढेही चांगली दिसावी. ज्याला ‘माझा हिशेब फक्त देवाकडे’ म्हणायचे असेल त्याने हे दोन ओळींचे वचन आधी वाचावे.

आता करायचे काय ते. क्यूआर कोड लावला असेल तर स्कॅन करा आणि रक्कम टाकण्याआधी पडद्यावर कोणाचे नाव येते ते बघा. ट्रस्टचे येते, की सेवकाचे, बायकोचे, मेव्हण्याचे? ट्रस्ट आहे असे सांगत असतील तर नोंदणी क्रमांक मागा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या ट्रस्टचा परिशिष्ट एकचा उतारा धर्मादाय कार्यालयातून मिळतो. त्यात विश्वस्तांची नावे आणि ट्रस्टची मालमत्ता असते. सगळे विश्वस्त एकाच घरातले निघाले, किंवा जागेसाठी दान मागितले आणि उताऱ्यात जागाच नाही, तर विचारायचा प्रश्न आपोआप मिळाला. मात्र नोंदणी आहे म्हणून शिकवण खरी ठरत नाही.

थैली तिथेच, उठण्याआधी, एकमेकांच्या नात्यात नसलेल्या दोघांनी मोजायची. वहीत आकडा, तारीख, दोन सह्या. ‘नंतर घरी मोजू’ इथेच घोळ सुरू होतो.

सेवकाला काही देऊच नये असे मात्र नाही. सुवार्ता सांगणाऱ्याने सुवार्तेवर पोट भरावे, असे १ करिंथकरांस ९:१४ सांगते. सीमारेषा फार जुनी आहे. ‘दिदाखे’ या प्राचीन ख्रिस्ती पुस्तिकेच्या ११व्या अध्यायात ती चक्क आकड्यांत आहे: फिरता प्रेषित एक दिवस राहील, गरज पडली तर दुसरा. तीन दिवस राहिला तर खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी घेईल, पैसे मागितले तर खोटा. आत्म्यात येऊन ‘मला पैसे द्या’ म्हणेल त्याचे ऐकू नका, पण दुसऱ्या गरजूंसाठी मागत असेल तर त्याला दोष देऊ नका. शेवटचे वाक्य मला सगळ्यात मोलाचे वाटते. पैशाचे नाव काढले म्हणून खोटा, असा सरसकट निकाल तेव्हाही नव्हता.

प्रार्थना_आणि_गोळी

आजारपणाच्या बाबतीत याकोब ५:१४ ओळीने वाचा. आजारी माणूस मंडळीच्या वडिलांना, म्हणजे जबाबदार वडीलधाऱ्यांना, बोलावतो. वडील, अनेकवचन. ते त्याच्याकडे येतात. तेल लावतात, प्रार्थना करतात. स्टेज नाही, टोकन नाही, बाटलीची किंमत नाही. यातले जे-जे उलटे झालेले दिसेल तिथे थांबा.

औषध बंद करायला सांगणारा सेवक, मग तो किती का गोड बोलेना, गटाबाहेर. यात तडजोड नको. टीबीचा साधारण सहा महिन्यांचा कोर्स मध्येच सोडला तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि घरातल्यांनाही तोच हट्टी टीबी लागू शकतो. लहान मुलांच्या मधुमेहात इन्सुलिन दोन-चार दिवस थांबले तरी जीवावर बेतते. पौलाने आपल्या सोबती त्रफिमाला मिलेतात आजारी ठेवले, तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले, त्याचा स्वतःचा ‘शरीरातला काटा’ही निघाला नाही. म्हणून ‘बरे झाला नाहीत म्हणजे तुमचा विश्वास कमी’ हे वाक्य शास्त्राचे नाही. खरेच बरे झाले असेल तर तपासणीची भीती कसली? प्रभूने कुष्ठरोग्याला याजकाकडे जाऊन दाखवायला पाठवले होते, मार्क १:४४. आजचा याजक म्हणजे लॅबचा रिपोर्ट.

‘कोणाला तरी इथे कंबरेचा त्रास आहे’ असे शंभर लोकांत म्हटले तर हात वर होणारच. त्याहून नेमके, नाव आणि आजार सांगितला, तर आधी विचारा की प्रार्थनेच्या चिठ्ठ्या कोणी गोळा केल्या, त्यावर नाव, फोन, दुखणे लिहून घेतले होते का. १९८६ मध्ये अमेरिकेत पीटर पोपॉफ नावाच्या प्रचारकाचे हेच उघडे पडले. बायको प्रार्थना-कार्डे वाचून वायरलेसवरून त्याच्या कानातल्या यंत्रात माहिती देत होती आणि अशा लबाड्या उघड करणाऱ्या जादूगार जेम्स रँडीच्या माणसांनी ती लहर पकडली.

भूत काढायच्या नावाखाली बांधणे, मारणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे.

पावसाळी_संध्याकाळ

इतके तपासत बसलो तर आपण पवित्र आत्म्यालाच विझवत नाही का? प्रत्येक साध्या सेवकावर संशय घेणे हेही पापच.

बिरुयाकर

भाऊ, हा धोका खराच आहे. पण ‘आत्म्याला विझवू नका’ हे १ थेस्सलनीकाकरांस ५:१९ आणि ‘सर्व गोष्टींची पारख करा’ हे ५:२१. मध्ये एकच वचन: संदेशांचा धिक्कार करू नका. तिन्ही एका दमात सांगितली आहेत, त्यातले एक निवडायची मुभा नाही. १ करिंथकरांस १४:२९ तर म्हणते की दोघा-तिघांनी संदेश द्यावा आणि इतरांनी निर्णय करावा.

तुमच्या दुसऱ्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे. अपुल्लो बघा, प्रेषितांची कृत्ये १८:२४-२६. उत्तम वक्ता, पण त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी त्याला बाजूला घेऊन देवाचा मार्ग नीट समजावला आणि त्याने तो घेतला. अपुऱ्या माहितीचा सेवक आणि खोटा सेवक यांतला फरक बहुतेक वेळा इथेच कळतो: चूक दाखवल्यावर तो काय करतो. वही घेऊन एकांतात, आदराने विचारा. ‘बघतो, मला परत वाचू द्या’ म्हणाला तर त्याला धरून ठेवा. पुढच्या सभेत तुमच्याकडे बघत शाप देऊ लागला, गटाला ‘त्या घरी जाऊ नका’ म्हणाला, तर ३ योहान ९-१० मधला, मंडळीत मोठेपणा मिरवणारा आणि न पटणाऱ्यांना बाहेर काढणारा दियत्रफेस समोर उभा आहे.

‘अभिषिक्तांना हात लावू नका’ हे स्तोत्र १०५:१५. तिथे राजांना बजावले आहे की परदेशात फिरणाऱ्या अब्राहाम, इसहाक, याकोब यांना इजा करू नका. प्रश्न विचारू नका, असे नाही. दावीदानेही अभिषिक्त राजा शौलावर तलवार उचलली नाही, पण १ शमुवेल २४ मध्ये सर्वांसमक्ष त्याला जाब विचारला. नाथान संदेष्ट्याने दावीदाला विचारला, पौलाने अंत्युखियात पेत्राला.

मंगळवारची_प्रार्थना

खूप उपयोगी पडले, आभार. दोन गोष्टी राहिल्या. तक्रार करायची झाली तर कोणाकडे, कशी? आणि असा सेवक खोटा निघाला तर त्याने दिलेला बाप्तिस्मा वाया गेला का? बायका यालाच जास्त घाबरतात.

थैली_मोजणारा

ताई, तक्रारीला १ तीमथ्य ५:१९ ची अट आहे: वडिलाविरुद्धचा आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय घेऊ नये. म्हणून व्हॉट्सअॅपवर टाकू नका. काय बोलले, कधी, कोण हजर होते ते लिहा, सह्या करा आणि पाळक-समितीला द्या. तो सेवक ज्या मंडळीचे नाव सांगतो तिथे फोन करून ‘यांना तुम्ही पाठवले का, चूक झाली तर यांना कोण विचारते’ एवढे दोन प्रश्न विचारा. पण मुलांशी किंवा बाईशी गैरवर्तनाचा विषय असेल तर समिती, साक्षीदार, समेट यांतले काही नाही, सरळ पोलीस. मुलांसाठी हेल्पलाइन १०९८. पॉक्सो, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या, कायद्यात माहिती असून न कळवणे हाच गुन्हा आहे. आणि आजपासूनच नियम करा: एकटीसाठी बंद दाराआड प्रार्थना नाही. दार उघडे, दुसरी बाई खोलीत.

बिरुयाकर

बाप्तिस्म्याचा प्रश्न चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत फार पेटला होता. छळाच्या काळात शास्त्राच्या प्रती अधिकाऱ्यांच्या हवाली करणाऱ्या बिशपांची सेवा खोटी, असे दोनातिस्त नावाचा गट म्हणे. ३१४ च्या आर्लच्या परिषदेने ठरवले की बाप्तिस्मा पिता, पुत्र व पवित्र आत्म्याच्या नावाने झाला असेल तर तो पुन्हा देऊ नये. पुढे उत्तर आफ्रिकेतल्याच बिशप ऑगस्तीनने कारण मांडले: बाप्तिस्मा ख्रिस्ताचा, देणारा केवळ हात. काही स्वतंत्र मंडळ्या याबाबत वेगळे धरतात, म्हणून आपल्या पाळकांना विचारा. बायकांना मात्र एकच विचारा, पाण्यात उतरताना नाव कोणाचे घेतले होते? त्रैक्याचे, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्म्याचे, घेतले असेल तर घाबरायचे कारण नाही. ‘माझ्या सेवेच्या नावाने’ असे काही म्हटले असेल, तर पाळकांकडे जाताना ते शब्द जसेच्या तसे वहीत लिहून न्या.